पेटीचें माहेर

पेटीला नांवें ठेवणें हा आमच्या संगीतचर्चेंतला एक जुना कुळाचार आहे. गाण्यावर लेख लिहावयास बसलेला गृहस्थ, मग तो कोणत्याहि घराण्याचा अभिमानी असो, दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदांत पेटीवर एक तरी आसूड ओढल्याशिवाय पुढें जात नाहीं. आणि त्याच गृहस्थाच्या दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत, वेलबुट्टीच्या खोळीनें झांकलेली, मुलीच्या शिकवणीची पेटी असते. लग्नाच्या बोलण्यांत मुलगी पेटी वाजविते हें सांगणें एके काळीं तिच्या शिवणटिपणाइतकेंच अगत्याचें होतें. म्हणजे तोंडानें निषेध आणि हातानें स्वीकार, असा हा शंभर वर्षांचा व्यवहार आहे. ह्या विसंगतीबद्दल कोणाला दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. आम्हांस नवल वाटतें तें निराळ्याच गोष्टीचें. पेटीचा निषेध करणारे आणि तिचा कैवार घेणारे, दोघेहि एक गोष्ट गृहीत धरून चालतात, ती ही कीं पेटी म्हणजे युरोप. एकाच्या मतें युरोपनें आमचा कान बिघडविला; दुसऱ्याच्या मतें युरोपनें आम्हांस एक सोयीचें साधन दिलें. परंतु हा युरोप कोणत्या शतकांतला, आणि पेटीविषयीं त्याचें स्वतःचें मत काय होतें, हें विचारण्याच्या भानगडींत सहसा कोणी पडलेलें दिसत नाहीं. तें विचारलें म्हणजे ह्या भांडणाचा रंगच पालटतो असें आम्हांस वाटतें, आणि म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही राहतों त्या होटगीचा ह्या प्रश्नाशीं संबंध काय, असें वाचक विचारतील. संबंध रुळांचा आहे. मुंबईहून सोलापुरावरून मद्रासकडे जाणारा लोहमार्ग साडेपांच फुटी. आणि होटगीस त्याला फुटलेला विजापूर-बागलकोट-गदगचा फांटा, एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकांत झाला तेव्हां, मीटरगेजचा, म्हणजे जेमतेम सव्वातीन फुटी होता. ह्या दोन मापांची गांठ होटगीस पडे. सोलापूरचा मुक्काम आटोपून रेल्वेनें गदग-हुबळीच्या रोखानें निघालेल्या कोणत्याहि नाटकमंडळीला येथें आपलें सगळें बिऱ्हाड उतरवावें लागणार हें उघड होतें. पडदे, पोशाखांच्या ट्रंका, स्वयंपाकाचीं भांडीं, आणि तो अवजड ऑर्गन, सर्व कांहीं एका वाघिणींतून दुसऱ्या वाघिणींत. तिकडचा मराठी नाटकाचा मुलूखहि लहान नव्हता. केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श मंडळी १९०८ सालीं स्थापन झाली ती हुबळीस. आतां तो मीटरगेज राहिला नाहीं. चालू शतकाच्या पहिल्या दशकांत फांट्याचे रूळहि रुंद झाले, आणि सोलापुरास गाडींत बसलेला मनुष्य होटगीस न उतरतां विजापुरास जातो. परंतु माप बदललें म्हणजे माल उतरवून पुन्हां चढवावा लागतो, आणि त्या चढउतारींत कांहीं तरी फुटतेंच, हें शहाणपण आमच्या गांवाला शंभर वर्षें रोज मिळत होतें. पेटीची कथा ही अशीच मापांची कथा आहे.

तिचा आरंभ एका गणितांत आहे. षड्जापासून शुद्ध पंचम घ्यावा, त्या पंचमाला षड्ज मानून त्याचा पंचम घ्यावा, असें बारा वेळां करीत गेलें म्हणजे आपण सात सप्तकें चढून पुन्हां षड्जावर यावयास पाहिजे. पण येत नाहीं. दीडाचा दीडाशीं बारा वेळां गुणाकार केला तर सुमारें १२९.७ येतात, दोहोंचा सात वेळां केला तर १२८. हा जो पावणेदोनांचा घोटाळा, तो कानाला अर्ध्या स्वराच्या पाव हिश्शाहून किंचित कमी लागतो. आमच्या गवयाला त्याची पर्वा करण्याचें कारणच नव्हतें. तंबोरा एकदां लागला कीं मैफल उठेपर्यंत त्याचा षड्ज हलत नाहीं, आणि बाकीचे स्वर त्या एका खुंटीला बांधलेले असतात. युरोपांत मात्र, ज्या काळाला तिकडे बरोक म्हणतात त्या सतराव्या-अठराव्या शतकांत, षड्ज हलूं लागला होता. एकाच रचनेंत सुरांचें घर दोनदां-चारदां बदलावयाचें आणि शेवटीं पहिल्या घरीं परत यावयाचें, ह्यांत त्यांना नवी गोडी सांपडली होती. गळ्याला आणि तारेच्या वाद्याला हें जमे. पण ऑर्गन किंवा हार्पसिकॉर्ड ह्या वाद्यांना सप्तकामागें बारा पट्ट्या. एका घरांतून त्या गोड लावल्या कीं दुसऱ्या घरांत त्यांतला एखादा पंचम असा ओरडे कीं तिकडच्या कारागिरांनीं त्याला लांडगा हें नांव दिलें होतें.

हा लांडगा मारण्याचे जे अनेक तोडगे निघाले त्यांचा मोठा कवि म्हणजे योहान सेबास्टियन बाख. १७२२ मध्यें त्यानें चोवीसहि घरांतून एक-एक जोडी रचून दाखविली, आणि नीट जुळविलेल्या एकाच वाद्यावर कोठेंहि जाऊन सुखरूप परत येतां येतें हें सिद्ध केलें. त्यानें नेमकी कोणती जुळणी वापरली ह्यावर तिकडचे पंडित अजून भांडतात. बाराहि अंतरें अगदीं समान करून टाकण्याची रीत सार्वत्रिक झाली ती पुढें, एकोणिसाव्या शतकांत. पण दिशा ठरली होती. तो घोटाळा बारा जणांत वांटून टाकावयाचा, म्हणजे कोणाच्याच वांट्याला फार येत नाहीं. पंचम अर्ध्या स्वराच्या पन्नासाव्या हिश्शानें उतरतो, तो कोणाला कळत नाहीं. गंधार मात्र अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्शानें चढतो, आणि तो ज्याला कान आहे त्याला कळतो. होटगीच्या भाषेंत सांगावयाचें तर सगळ्या देशाचे रूळ एका मापाचे केले. गाडी कोठूनहि कोठें जावी म्हणून प्रत्येक स्थानकाला थोडें सरकावें लागलें. ह्या तहाची किंमत त्यांनीं डोळे उघडे ठेवून दिली, आणि तिच्या मोबदल्यांत त्यांना काय मिळालें हें बीथोव्हेनच्या एकाद्या सिंफनींत ऐकावें: तीन-चार स्वर एकदम उमटवून त्यांची इमारत रचण्याची विद्या, आणि ती सगळी इमारत एका घरांतून उचलून दुसऱ्या घरांत नेण्याची ताकद.

पेटी जन्मली ती ह्या तहाच्या घरांत, आणि तीहि उशिरां. आलेक्झांद्र दबॅं नांवाच्या पॅरिसच्या कारागिरानें १८४२ मध्यें हार्मोनियम ह्या नांवानें आपल्या वाद्याचा हक्क नोंदविला. तिच्यांतली मोकळी थरथरणारी जिव्हाळी मूळची युरोपची नव्हे. चीन देशांत शंग नांवाचें तोंडानें फुंकावयाचें वाद्य फार प्राचीन काळापासून आहे, त्यांत ती आहे, आणि अठराव्या शतकांत तें युरोपच्या विद्वानांना माहीत झालें होतें. तेव्हां पेटीला परदेशी म्हणून हांकलणारांनीं तिला तिच्या माहेरीं धाडावें कीं आजोळीं, हाहि एक प्रश्नच आहे. पॅरिसमध्यें ती जन्मली खरी, पण घरांत तिचा मान धाकट्या जावेचा. ज्या खेड्यांतल्या देवळाला नळ्यांचा मोठा ऑर्गन परवडत नसे तेथें ती जाई; मिशनऱ्यांच्या सामानांतून ती समुद्रापार जाई; पियानो घ्यावयास पैसे किंवा जागा नसलेल्या घरांत ती बसे. मोठ्या रचनाकारांनीं तिच्याकडे पाहिलें तें बहुधा घरगुती प्रसंगानेंच. रोसिनीनें उतारवयांत १८६३ सालीं एक मोठी प्रार्थना रचली, तिच्या साथीला दोन पियानो आणि एक हार्मोनियम एवढेंच; १८६४ मध्यें ती प्रथम म्हटली गेली ती पॅरिसांतल्या एका धनिकाच्या वाड्यांत. दवोर्झाकनें १८७८ मध्यें दोन व्हायोलिनें, एक चेलो आणि हार्मोनियम ह्यांसाठीं पांच छोट्या गती लिहिल्या; कारण ज्या मित्राकडे संध्याकाळीं बैठक जमे त्याच्या घरीं पियानो नव्हता, हार्मोनियम होता. ह्या गती ज्यांना ऐकावयास मिळतील त्यांनीं अवश्य ऐकाव्या. पेटीचा तो भरलेला, किंचित नाकांतला सूर तारांच्या खालीं सतरंजीसारखा पसरलेला असतो, आणि तिला एरवीं न लाभणारी नम्रता तेथें लाभते.

आतां पेटीचा निषेध प्रथम कोणीं केला तें पाहावें. हेर्मान हेल्महोल्ट्झ हा जर्मनींतला मोठा पदार्थविज्ञानवेत्ता. त्याचा स्वरसंवेदनेवरचा ग्रंथ १८६३ सालचा आहे. त्यांत तो म्हणतो त्याचा आशय असा कीं समान केलेल्या स्वरांचा खोटेपणा पियानोवर खपून जातो, कारण पियानोचा स्वर उमटतांच विरूं लागतो. हार्मोनियमचा स्वर सारखा भरलेला राहतो, त्यांतले उपस्वर तीव्र असतात, म्हणून तोच खोटेपणा त्याच्यावर कानाला बोंचतो. आणि अशा समान केलेल्या वाद्याच्या संगतींत गळा घडविलेल्या गायकाला शुद्ध स्वराची पारख राहत नाहीं, अशी त्याची तक्रार आहे. आमच्या संगीतचर्चेंत जें वाक्य आर्यसंस्कृतीच्या कैवारानें म्हटलें जातें, तें असें एका जर्मन प्रयोगशाळेंत आधींच म्हटलें गेलें होतें! हेल्महोल्ट्झ तक्रार करून थांबला नाहीं; त्यानें स्टुटगार्टच्या शीडमायर कारखान्याकडून शुद्ध स्वरांची दोन पट्ट्यांची पेटी करवून घेतली. त्याच्या मागून बोझांकेट ह्या इंग्रज विद्वानानें सप्तकाचे त्रेपन्न भाग पाडणारी पेटी केली, आणि ह्याच बोझांकेटनें १८७७ मध्यें हिंदूंच्या बावीस श्रुतींवर एक निबंधहि लिहिला. तेव्हां युरोप म्हणजे एक मुखानें बोलणारा कोणी एक मनुष्य नव्हे. त्याच्या घरांतच हें भांडण होतें, आणि तें आमच्याहून जुनें होतें.

दुसऱ्या बाजूनेंहि हें पडताळून पाहतां येतें. व्हायोलिन हें वाद्य युरोपचेंच, आणि पेटीहून कितीतरी अधिक युरोपचें. त्याचा महान् कारागीर स्ट्राडिव्हारी १७३७ मध्यें वारला. म्हणजे तें बरोक काळाचें अपत्य. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं बालुस्वामी दीक्षितरांनीं तें मद्रासेकडे कर्नाटक संगीतांत आणलें, आणि आज त्या संगीताची मैफल त्याच्यावांचून पुरी होत नाहीं. आमच्याकडे गजाननबुवा जोशांनीं त्यावर ख्याल गाऊन दाखविला. व्हायोलिनला कोणीं परधार्जिणें म्हटलें? कोणीं नाहीं, कारण त्याच्या पट्टीवर पडदे नाहींत, बोट जेथें ठेवावें तेथें स्वर, आणि स्वरावरून स्वरावर घसरत जाण्यास रस्ता मोकळा. तीच गोष्ट चित्रांची. पेटी असलेल्या त्याच दिवाणखान्यांत भिंतीवर रविवर्म्यांची सरस्वती असे. तिच्या हातांत वीणा. पण ती रंगविली आहे युरोपच्या तैलरंगांत, युरोपच्या छायाप्रकाशाच्या रीतीनें, आणि घरोघर पोंचली ती जर्मन तज्ज्ञांच्या हातून दगडावर छापली जाऊन. तिच्यापुढें आमच्या आयांनीं हळदकुंकू वाहिलें, आणि तें योग्यच केलें. ह्यावरून एवढें निश्चित होतें कीं पेटीवरचा आक्षेप ती परकी आहे हा असूं शकत नाहीं. आक्षेप असलाच तर तो असा कीं युरोपनें जी किंमत एका मोठ्या खरेदीसाठीं मोजली ती किंमत आम्हीं मोजली, आणि खरेदी मात्र दुकानांतच विसरून आलों.

हें विधान कडक वाटेल, म्हणून थोडें फोडून सांगतों. हातपेटी हें वाद्य कलकत्त्याचें. द्वारकानाथ घोष ह्यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचविशींत पायपेटीचे पाय कापून ती बैठकीवर आणली, आणि भाता मागें लावून डाव्या हाताला दिला. ज्या क्षणीं डावा हात भात्याला गेला त्या क्षणीं स्वरांची इमारत रचण्याचा प्रश्न निकालांत निघाला. एका हाताला एक सूर एवढाच धंदा उरला. हें आमच्या बैठकीला आणि आमच्या एकसुरी गाण्याला धरूनच झालें, त्याबद्दल तक्रार नाहीं. परंतु मराठी रंगभूमीवर जो ऑर्गन आला तो पायाचा. वादक खुर्चीवर बसे, भाता पायानें चाले, आणि दोन्ही हात मोकळे. म्हणजे हिंदुस्थानांतल्या इतर पुष्कळ पेटीवाल्यांना नसलेली सवड आमच्या ऑर्गनवाल्याला होती. त्या डाव्या हातानें त्यानें काय केलें? बहुधा उजव्या हाताचाच सूर खालच्या सप्तकांत पुन्हां वाजविला, किंवा षड्ज-पंचम धरून ठेवला. तो तंबोऱ्याचें काम करीत होता, आणि तें काम तंबोरा अधिक शुद्ध करतो.

मग हें वाद्य आलें कशासाठीं, आणि टिकलें कशामुळें? त्याचीं कारणें स्वरशास्त्रांत शोधून सांपडणार नाहींत. तीं नाटकगृहांत आणि घरांत शोधलीं पाहिजेत. ध्वनिवर्धकांच्या पूर्वींचा तो काळ. पत्र्याच्या नाटकगृहांत शेवटच्या रांगेला ऐकूं जावें असा सूर हवा, आणि तो पांच-सहा तास न दमतां हवा. एकादा पोरसवदा नट भीतीनें सुरावरून घसरला तर त्याला उचलून धरणारें कांहीं तरी पाठीशीं हवें. ऑर्गन हें सर्व करी. पावसाळी हवेंत तंबोऱ्याच्या आणि सारंगीच्या तारा उतरतात. ऑर्गनाची पितळी जिव्हाळी सहसा दगा देत नाहीं. फिरत्या मंडळीला हा गुण लहान नव्हे.

पण दुसरें एक कारण आहे, आणि तें आम्हां मध्यमवर्गीयांना ऐकावयास गोड लागणार नाहीं. पेटीच्या आधीं गळ्याची साथ करणारें वाद्य म्हणजे सारंगी. माणसाच्या गळ्याची इतकी जवळची सावली दुसऱ्या कोणत्याहि वाद्यांत नाहीं, हें पेटीचे भक्तहि मान्य करतात. तथापि सारंगीच्या मागें कोठीची बदनामी होती, आणि सारंगिया हा बहुधा मुसलमान, बहुधा गरीब, आणि नाचगाण्याच्या बैठकींत वाढलेला. ज्या घराचा उंबरा ह्या सारंगियाला ओलांडतां येत नव्हता त्या घरांत पेटी सुनेच्या सामानांतून मानानें आली. पेटीला जात नव्हती, पूर्वचरित्र नव्हतें. ती कारखान्यांतून आलेली, पॉलिशनें चकचकणारी, निष्कलंक वस्तु होती. एका पिढींत गाणें कोठींतून काढून दिवाणखान्यांत आणण्याचें जें मोठें काम महाराष्ट्रांत झालें, त्यांत तिचा वांटा फार मोठा आहे. मुली गाऊं लागल्या, गाण्याचे वर्ग निघाले, पंचवीस मुलांना एका सुरांत बसवितां आलें. हें श्रेय तिला दिलेंच पाहिजे. परंतु त्याच पिढींत सारंगियाच्या मुलांनीं गज खुंटीला टांगला, आणि जी श्रुति त्याच्या नखाच्या मुळाशीं राहत होती ती त्याच्याबरोबर गेली. आमचा कान युरोपनें बिघडविला असें म्हणण्यापेक्षां तो आमच्या अब्रूच्या कल्पनेनें बिघडविला असें म्हणणें आम्हांस अधिक खरें वाटतें.

ह्या गोष्टीचा परिणाम नुसत्या साथीवर नव्हे, चालींवरहि झाला. गोविंदराव टेंबे हे पेटीवाल्यांचे शिरोमणि. १९११ च्या 'मानापमान' नाटकाच्या चाली त्यांच्या. त्यांत पूरबेकडच्या ठुमरी-कजरीचा जो रस त्यांनीं मराठी कानाला पाजला त्याला तोड नाहीं. पण त्या चाली नीट ऐकल्या म्हणजे त्या पेटीवाल्याच्या बोटांना सुचल्या आहेत हें कळतें: सुटे, लखलखीत, अंगठींतल्या खड्यांसारखे शेजारीं शेजारीं बसविलेले स्वर, चपळ मुरकी, आणि कोठें फार वेळ न रेंगाळणें. पांच वर्षांनीं, १९१६ सालीं आलेल्या 'स्वयंवर' नाटकाच्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या, म्हणजे गवयाच्या. तेथें राग पाय पसरून बसतो आणि स्वर एकमेकांत वितळतात. दोन्ही नाटकें बालगंधर्वांनीं गाइलीं आणि दोन्ही अमर केलीं. पण गळा तोच असतां घडण किती निराळी होते हें पाहण्यास ह्याहून चांगली जोडी मिळणार नाहीं. आमची आवड विचाराल तर ती 'स्वयंवरा'कडे झुकते. तरी हेंहि खरें कीं 'मानापमान' नसतें तर गाणें न कळणाऱ्या घरांतून गाणें शिरलें नसतें.

पेटी सुधारण्याचा एक नेटाचा प्रयत्न ह्याच सुमारास आमच्या भागांत झाला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल ह्यांनीं बावीस श्रुतींवर आपला इंग्रजी ग्रंथ १९१० मध्यें प्रसिद्ध केला. जिल्हा न्यायाधीश क्लेमंट्स हे त्यांचे सहकारी झाले, अब्दुल करीमखांसाहेबांचा गळा त्यांच्या मोजमापाच्या साहाय्याला आला, आणि श्रुतींची एक पेटी विलायतेहून तयार होऊन आली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीतपरिषदेंत हा विषय गाजला. भातखंड्यांनीं ही मांडणी मान्य केली नाहीं. देवलांच्या परिश्रमाबद्दल आमच्या मनांत पूर्ण आदर आहे, पण त्यांची वाट आम्हांस चुकलेली दिसते. त्यांनीं युरोपचे आंकडे टाकून आपले घातले, तथापि स्वर हा मैलाच्या दगडासारखा एका जागीं रोवलेला असतो ही पेटीची मूळ समजूत तशीच ठेवली. दरबारी कानड्याचा गंधार बावीसांपैकीं कोणत्या पट्टीवर ठेवावयाचा? तो झुलतो, झुलणें हाच त्याचा पत्ता आहे. बाराऐवजीं बावीस दगड रोवले म्हणून रस्ता चालूं लागत नाहीं.

पुढें नभोवाणीचा काळ आला आणि पेटीवर सरकारी बहिष्कार पडला. मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओवर तिला बंदी झाली. ती अंशतः उठली १९७१ मध्यें. रवीन्द्रनाथांसारख्यांचा विरोध ह्या बंदीच्या पाठीशीं होता हें सर्वश्रुत आहे. कमी लोकांना हें माहीत असतें कीं पेटीवर अतिशय तिखट लिहिणारांत दिल्ली केंद्रावरचा एक इंग्रज रचनाकार होता. जॉन फोल्ड्स हा युरोपीय संगीताचा अधिकारी म्हणून तेथें होता. त्यानें १९३८ मध्यें पेटीविरुद्ध लेख लिहिला, आणि बंदी येण्यापूर्वींच १९३९ सालीं कलकत्त्यास तो पटकीनें वारला. हा मनुष्य स्वतः अर्ध्या स्वराचेहि अर्धे करून रचना करणारा. आमच्या सतारियांना आणि सारंगियांना एकत्र बसवून त्यांच्याकडून बहुसुरी संगीत वाजविण्याचा त्यानें प्रयोग केला. म्हणजे युरोपच्या ह्या प्रतिनिधीला आम्हांस हार्मनी द्यावयाची होती पण हार्मोनियम नको होता. आणि आम्हांस हार्मोनियम हवा होता पण हार्मनीचें नांव नको. दोघांची भेट व्हावी कशी?

त्या बहुसुरी विद्येचें तिकडे शेवटीं काय झालें, हेंहि सांगितलें पाहिजे. १९२१ च्या मे महिन्यांत व्हिएन्ना शहरीं आर्नोल्ड श्योनबेर्ग ह्या नव्या पंथाच्या आचार्यानें आपल्या संगीतमंडळीच्या मदतीसाठीं एक जलसा केला. योहान श्ट्राउसचीं लोकप्रिय नृत्यें थोडक्या वाद्यांसाठीं नव्यानें बांधलेलीं होतीं, आणि त्यांत मोठ्या वाद्यवृंदांतल्या फुंकाच्या वाद्यांची जागा भरून काढावयास एक हार्मोनियम होता. त्यावर बसला होता आल्बान बेर्ग, जो पुढें त्या शतकाचा मोठा नाट्यसंगीतकार म्हणून गाजला. त्याच काळांत श्योनबेर्ग बाराहि स्वरांना अगदीं समान हक्क देणाऱ्या रचनापद्धतीकडे चालला होता. बारांत षड्ज कोणीच नाहीं. कोणी राजा नाहीं, कोणाकडे परत यावयाचें नाहीं. बाखच्या काळीं सुखरूप घरीं परतण्यासाठीं जो तह झाला त्याचा दोनशें वर्षांनीं असा शेवट झाला कीं घरच राहिलें नाहीं. आणि त्यानंतर दोनच महिन्यांनीं, जुलै १९२१ मध्यें, मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठीं बालगंधर्व आणि केशवराव भोसले ह्यांचें संयुक्त 'मानापमान' झालें. एका वाद्याच्या कुळांतल्या दोन बहिणी. एक व्हिएन्नांत षड्जाच्या उत्तरक्रियेला बसलेली, दुसरीच्या अंगाखांद्यावर मराठी रंगभूमीचा षड्ज उभा राहिलेला. माहेरीं धाकट्या जावेचें जिणें काढलेली पेटी सासरीं घरधनीण झाली होती, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास माहेरीं तिला विचारणारें फारसें कोणी उरलें नव्हतें.

बालगंधर्वांचें उदाहरण आम्हांस शेवटचा शब्द बोलण्यासाठीं नव्हे, पण विचार करण्यासाठीं फार उपयोगाचें वाटतें. त्यांच्या साथीला ऑर्गन होता. परंतु गंधर्व मंडळींत कादरबक्षांची सारंगीहि होती, आणि तबल्यावर थिरकवांसाहेब. हा खर्च ज्या मंडळीनें कर्जांत बुडून केला तिला व्यवहार कळत नव्हता असें लोक म्हणतात. आम्हांस वाटतें, त्यांना होटगीचा व्यवहार बरोबर कळला होता: दोन मापांचे रूळ आहेत हें ओळखून दोन्ही गाड्या ठेवावयाच्या. ऑर्गन जागा भरी, दम घेऊं देई, शेवटच्या रांगेपर्यंत पोंचे. आणि जेथें स्वर विरघळावयाचा तेथें सारंगी त्याच्या मागोमाग जाई. इतर मंडळ्यांनीं आणि आमच्या घरांनीं ह्या दोहोंतला स्वस्त आणि अब्रूदार तेवढा ठेवला.

हार्मनी आमच्या लोकांना मुळांत मानवतच नाहीं, असा एक सिद्धान्त वरचेवर ऐकूं येतो. त्याला गोव्याचें उत्तर आहे. तेथल्या चर्चच्या शाळांतून पिढ्यान् पिढ्या व्हायोलिन आणि स्वरलेखन शिकविलें गेलें, आणि तेथला कोंकणी मांडो दोन गळ्यांनीं, एकमेकांपासून तीन स्वरांच्या अंतरावर, इतका सहज म्हटला जातो कीं तें शिकविलेलें आहे असें वाटतच नाहीं. तीच माणसें पुढें मुंबईस आलीं आणि बोलपटांचे वाद्यवृंद त्यांनीं उभे केले. तेव्हां प्रश्न रक्ताचा नव्हे. तिकडे खरेदी आणि किंमत दोन्ही एकत्र घरीं आलीं, एवढाच फरक.

आमच्याकडे पेटीनें जें खोल रुजविलें तें निराळेंच आहे, आणि तें तिच्या शत्रूंच्याहि तोंडांत आहे. तंबोऱ्यावांचून न गाणाऱ्या, पेटीला मैफलींत बसूं न देणाऱ्या गवयाला विचारा, आपला सूर कोणता. तो म्हणेल, काळी एक. किंवा म्हणेल, पांढरी चार. षड्जाचा पत्ता सांगावयास त्याला पॅरिसच्या कारागिराच्या पट्ट्याच आठवतात. आमच्या होटगीस भजनाला बसणाऱ्यांत मराठी अभंग म्हणणारे आहेत आणि कानडी वचनें म्हणणारेहि आहेत. बोली दोन, पण पेटी एकच, आणि सुरू करण्यापूर्वीं विचारणा तीच: कोणती पट्टी?

ऑर्गन मात्र आतां दुर्मिळ झाला. त्याच्या जागीं नाटकांतून विजेवरचा कीबोर्ड आला आहे, आणि त्यांत आमच्या सगळ्या वादाची एक गंमत आहे. दोनशें वर्षें ज्या तहानें सर्वांना बांधून ठेवलें तो ह्या यंत्राला बंधनकारक नाहीं. त्यांच्यापैकीं पुष्कळांवर बारांतला कोणताहि स्वर केसाएवढा चढवितां-उतरवितां येतो. हेल्महोल्ट्झला कारखान्याकडून खास करवून घ्यावी लागलेली पेटी आज एका बटणाखालीं आहे. आम्हीं पाहिलेल्या बहुतेक वादकांनीं तें बटण कारखान्यांतून आलें तसेंच ठेवलें आहे.